नाव आणि ठावठिकाणा : स्थानिक जाळ्यावरील चाचणीचा एक प्रश्न

आजच्या विषयाचे नाव वाचून कित्येकांच्या मनात असा विचार आला असेल की, संगणकाच्या जाळ्यावर नावावरून पत्ता कसा शोधतात आणि चाचणीच्या वेळी त्याची व्यवस्था कशी ठेवावी, हा प्रश्न त्या धंद्यातल्या मंडळींचा आहे. आपण नगरवासीयांनी त्यात डोके का घालावे? आम्हांस याच्या उलट वाटते. पतपेढीतले खाते, विद्यापीठाचा निकाल, शेताचा सातबारा, रेल्वेचे तिकीट ही सारी कामे आज संगणकाच्या जाळ्यावरून चालतात. यांपैकी प्रत्येक व्यवस्था लोकांपुढे येण्यापूर्वी कोठेतरी चार भिंतींच्या आत, पाचदहा संगणकांच्या लहानशा जाळ्यावर तपासून पाहावी लागते. त्या तपासणीत खोटी खाती उघडतात, खोट्या रकमा भरतात आणि काढतात, खोटे निकाल लावून पाहतात. हे खोटे व्यवहार खोट्याच जागी राहिले पाहिजेत. ते खऱ्या दप्तरात जाऊन पडले, किंवा खरी माणसे चुकून खोट्या दप्तरात पैसे भरू लागली, तर अनर्थच. आणि संगणकाने कोठे जावयाचे हे बहुधा एका नावावरून ठरते. ते नाव कुणाचे, त्याचा ठिकाणा कुणाला विचारावयाचा, आणि मिळालेल्या उत्तरावर किती काळ विसंबावयाचे, या तीन प्रश्नांचा विचार आज करू.

एका नावाची अनेक गावे

आरंभ आपल्याच मुलखापासून करू. पिंपळगाव म्हटले की कोणते? पाचोरे तालुक्यात पिंपळगाव हरेश्वर आहे, नाशिककडे पिंपळगाव बसवंत आहे, बुलढाण्यात पिंपळगाव राजा आहे. शिरपूर धुळे जिल्ह्यात आहे आणि वाशीम जिल्ह्यातही आहे. सिंदखेडा धुळ्याकडे, तर सिंदखेड राजा बुलढाण्यात. एका नावाची दोन गावे शेजारी शेजारी आली, तेव्हा जुन्या लोकांनी एकाला बुद्रुक म्हटले आणि दुसऱ्याला खुर्द. म्हणजे फारसीतून आलेल्या शब्दांनी एक थोरले, एक धाकटे. पाचोऱ्याच्या बाजारात उभे राहून कुणी "पिंपळगावास जातो" म्हणाला, तर ऐकणाऱ्यास पुढे काही विचारावे लागत नाही. तेच वाक्य निफाडच्या स्थानकावर उच्चारले, तर गाडी दुसऱ्याच गावी नेऊन सोडील. नाव तेच, उच्चार तोच, पण उत्तर निराळे. नावाचा अर्थ नावात साठवलेला नसतो. ज्याला आपण विचारतो, त्याच्यापाशी तो असतो. आजच्या सगळ्या विवेचनाचे मूळ या एका गोष्टीत आहे.

टपालखात्यापुढे हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा होता. भाषा अनेक, लिप्या अनेक आणि सारख्या नावांची गावे अगणित. टपाल व तार खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेने १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिन क्रमांक आला. जळगावचा ४२५००१, धुळ्याचा ४२४००१. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन प्रत्यक्ष वाटप करणारी कचेरी सांगतात. माणसाने नाव लक्षात ठेवावे, यंत्राने आकडा वाचावा, अशी ही वाटणी आहे.

संगणकाच्या जाळ्यावर हीच वाटणी आहे. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता असतो. चार आकडे, मध्ये टिंबे, असे त्याचे नेहमीचे रूप. माणसाला ते आकडे पाठ होत नाहीत, म्हणून नावे ठेवतात. नाव आणि पत्ता यांचे आयुष्यही निरनिराळे असते. यंत्र जुने झाले म्हणून दुसरे आणले, तर पत्ता बदलतो पण नाव तेच राहते. याच्या उलटही होते. पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश हे १९०६ साली झालेले दोन जिल्हे पुढे जळगाव आणि धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले, १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. नावे बदलली, गावे होती तेथेच आहेत. तेव्हा नाव आणि ठिकाण यांची सांगड कुणीतरी सतत घालून द्यावी लागते. या सांगड घालण्याच्या कामाला आपण नामशोध म्हणू.

एका यादीपासून शाखांपर्यंत

आरंभी हे काम फार साध्या रीतीने चाले. अमेरिकेत अर्पानेट नावाचे जे पहिले जाळे होते, त्यातल्या सर्व यंत्रांची नावे आणि पत्ते एकाच यादीत लिहिलेले असत. ही यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या हाताखालचे लोक सांभाळीत. नवे यंत्र जोडले की त्यांना कळवावयाचे, त्यांनी यादीत एक ओळ घालावयाची, आणि बाकीच्यांनी ती यादी वेळोवेळी उतरवून घ्यावयाची. यंत्रे थोडी होती तोवर हे निभले. ती वाढू लागली तशी यादी कुणाकडे नवी, कुणाकडे जुनी अशी स्थिती येऊ लागली. मग १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नवी पद्धत मांडली. तिला डोमेन नेम सिस्टिम, थोडक्यात डीएनएस, म्हणतात. यादी एका जागी न ठेवता तिच्या शाखा करावयाच्या, आणि प्रत्येक शाखेचा कारभार त्या त्या शाखेच्या धन्याकडे सोपवावयाचा, ही त्या पद्धतीतील मुख्य कल्पना.

ती समजण्यास पत्राच्या पाकिटासारखे दुसरे साधन नाही. पाकिटावर आपण वरती माणसाचे नाव लिहितो, मग गल्ली, गाव, तालुका, जिल्हा. परंतु टपालाची वर्गवारी करणारा ते खालून वर वाचतो. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. माणसाचे नाव वाचण्याचे काम शेवटी गावच्या पोस्टमनचे. जळगावच्या विद्यापीठाचा जाळ्यावरचा पत्ता एनएमयू.एसी.इन असा आहे. तोही असाच उलटा, म्हणजे उजवीकडून डावीकडे, वाचला जातो. सर्वांच्या मुळाशी तेरा नावांचे मूळ सर्व्हर आहेत. त्या प्रत्येकाच्या प्रती जगभर अनेक ठिकाणी ठेवलेल्या आहेत. त्यांना विचारले की ते सांगतात, "'इन' ही भारताची शाखा, तिच्या कारभाऱ्यास विचारा." तो सांगतो, "'एसी' ही शिक्षणसंस्थांची शाखा, तिकडे जा." तेथून 'एनएमयू' चा धनी कळतो आणि तो शेवटी आकडी पत्ता देतो. या विद्यापीठाची स्थापना १९९० साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ या नावाने झाली, २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव लाभले, पण जाळ्यावरच्या पत्त्यात जुनी आद्याक्षरेच राहिली. लोकांच्या सवयीतले नाव सहजी मोडू नये, यात शहाणपण आहे.

हा सगळा फेरा आपला संगणक स्वतः घालीत नाही. तो आपल्या जवळच्या एका उत्तर देणाऱ्याला विचारतो, आणि तो उत्तर देणारा गावोगाव हिंडून माहिती आणतो. घरात किंवा कचेरीत हे जवळचे काम बहुधा राऊटर नावाची पेटी पत्करते आणि प्रश्न पुढे सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडे पाठवते.

गावातला नंबर आणि गावाबाहेरचा

आता चार भिंतींच्या आत येऊ. घरी तारेचा टेलिफोन असे, त्या दिवसांतली एक गोष्ट आठवा. जळगावातून जळगावात बोलावयाचे तर नुसता स्थानिक नंबर फिरवला की पुरे. बाहेरून बोलावयाचे तर आधी ०२५७. धुळ्याचा संकेत ०२५६२. गावातल्या नंबराचा अर्थ त्या गावापुरता; संकेत सोडून तो दुसऱ्या गावात फिरवला, तर भलत्याच घरी घंटा वाजायची.

संगणकाच्या आकडी पत्त्यांतही असे गावापुरते पत्ते राखून ठेवले आहेत. १९९६ साली ठरलेल्या नियमाप्रमाणे १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते कोणीही आपल्या आवारात वापरावेत. जगाच्या रस्त्यावर त्यांना अर्थ नाही. म्हणून १९२.१६८.१.२० हे यंत्र जळगावच्या एका कचेरीतही असेल आणि धुळ्याच्या दुसऱ्या कचेरीतही असेल. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. याखेरीज १२७.०.०.१ हा एक पत्ता आहे. त्याचा अर्थ "मी स्वतः". प्रत्येक संगणकावर तो त्या संगणकाकडेच परत येतो.

एवढे समजल्यावर कुणी विचारील, की आवारात नाव हवेच कशाला? चाचणीचे यंत्र १९२.१६८.१.२० आहे ना, मग तोच आकडा टाइप करावा. तसे करता येत नाही, याची तीन कारणे आहेत. पहिले असे की, एकाच यंत्रावर अनेक संकेतस्थळे नांदत असतात. १९९७ सालच्या ठरावाप्रमाणे ब्राउझरने प्रत्येक मागणीबरोबर कोणत्या नावाची मागणी आहे हे सांगावयाचे असते, आणि सर्व्हर त्या नावावरून कोणते दप्तर उघडावयाचे ते ठरवतो. वाड्यावर दहा बिऱ्हाडे असता पत्रावर नुसता घरनंबर घातला, तर पोस्टमनाने पत्र कुणाला द्यावे? दुसरे कारण, सुरक्षिततेचे प्रमाणपत्र आणि ओळख राखणाऱ्या खुणा बहुधा नावाला बांधलेल्या असतात. नाव वगळून केलेली चाचणी खऱ्या स्थितीची चाचणीच होत नाही. तिसरे, आवारातले आकडे राऊटर वेळोवेळी नव्याने वाटत असतो. आज विसावा, उद्या सव्विसावा. तेव्हा नाव हवेच. प्रश्न आहे तो उत्तर कुणी द्यावयाचे याचा.

उत्तर देण्याच्या तीन रीती

पहिली रीत सर्वांत जुनी. फाइनलरबाईंच्या यादीचा एक वंशज आजही बहुतेक प्रत्येक संगणकात आहे. त्याला होस्ट्स फाइल म्हणतात. तीत एका ओळीत आधी आकडी पत्ता आणि पुढे नाव लिहावयाचे. बहुतेक संगणक बाहेर विचारण्यापूर्वी आधी ही फाइल पाहतात, म्हणून तिच्यातले उत्तर जगाच्या उत्तरावर मात करते. एकट्यादुकट्याने स्वतःच्या संगणकावर काम करावयाचे असेल, तर ही रीत उत्तम आहे. एका मिनिटात काम होते. पण तिचे दोषही ध्यानात ठेवावेत. ती त्या एकाच संगणकापुरती असते. दहा संगणक असतील, तर दहा ठिकाणी ओळ लिहावी लागते. "या नावाच्या सर्व उपशाखा इकडे" असे तीत सांगता येत नाही, एकेक नाव लिहावे लागते. मोबाइल फोनमध्ये ती सहसा बदलू देत नाहीत, आणि आज तर निम्मी तपासणी फोनवरच करावयाची असते. सर्वांत मोठा दोष असा की, लिहिलेली ओळ माणूस विसरतो, संगणक विसरत नाही.

समजा, जळगावच्या एखाद्या पतपेढीची धुळ्यास शाखा आहे आणि तिच्यासाठी नवी हिशेबव्यवस्था तयार होत आहे. चाचणीच्या काळात एका कारकुनाच्या संगणकावर पतपेढीच्या खऱ्याच नावापुढे चाचणीच्या यंत्राचा पत्ता लिहून ठेवला. काम पुरे झाले, नवी व्यवस्था सुरू झाली, पेढे वाटले. ती एक ओळ तेवढी राहून गेली. सगळ्या संगणकांवर नवे दप्तर उघडते, त्या एकावर मात चाचणीचे. पडदा सारखाच दिसतो. दिवसभर सभासद येतात, हप्ते भरतात, पावत्याही छापून मिळतात, आणि संध्याकाळी रोकड जुळत नाही. दोष यंत्रात नाही, दप्तरात नाही, तारेतही नाही; एका विसरलेल्या ओळीत आहे. म्हणून होस्ट्स फाइलमध्ये ओळ घालणाऱ्याने तिच्यापुढे तारीख आणि कारण लिहावे, आणि काम संपताच ती काढावी. खऱ्या नावापुढे चाचणीचा पत्ता तर शक्य तो लिहूच नये.

दुसरी रीत, सर्व आवारासाठी एकच उत्तर देणारा नेमणे. राऊटरवर किंवा कोपऱ्यातल्या एखाद्या जुन्या संगणकावर लहानसा डीएनएस सर्व्हर चालवावयाचा. डीएनएसमास्क हा यासाठी फार वापरला जाणारा फुकट कार्यक्रम आहे. चाचणीची नावे तो स्वतः सांगतो, बाकीचे प्रश्न बाहेर पाठवतो. ओळ एकाच जागी लिहिली की सर्व संगणकांना आणि फोनांनाही ती लागू. एका ओळीत सगळी उपशाखा बसते. पुसावयाची ती एकाच जागी. अनेकांनी मिळून करावयाच्या चाचणीस आम्ही हीच रीत उत्तम समजतो.

परंतु हिच्यातही दोन खाचखळगे आहेत. संगणकात दोन उत्तर देणाऱ्यांचे पत्ते लिहिण्याची सोय असते. पुष्कळ जण पहिला आवारातला लिहितात आणि दुसरा बाहेरचा सार्वजनिक. समजूत अशी की पहिला बोलला नाही, तरच दुसऱ्याला विचारतील. काही संगणक तसे करतात, काही दोघांपैकी ज्याचे उत्तर लवकर येईल ते घेतात. बाहेरच्याला आपली चाचणीची नावे ठाऊक नसतात. तो "असे नाव नाही" म्हणतो. उत्तर न मिळणे निराळे आणि "नाही" हे उत्तर मिळणे निराळे. "नाही" मिळाल्यावर संगणक पुढे कुणाला विचारीत नाही. मग एकच नाव सकाळी सापडते, दुपारी सापडत नाही, आणि तपासणारा हैराण होतो. म्हणून दोन नेमावयाचे तर दोघेही एकच यादी जाणणारे नेमावेत. दुसरा खळगा ब्राउझरचा. २०१८ साली ठरलेल्या एका नव्या पद्धतीने काही ब्राउझर संगणकाला न विचारता, गुप्त मार्गाने परस्पर दूरच्या उत्तर देणाऱ्याकडे जातात. खाजगीपणाच्या दृष्टीने ही सोय चांगली आहे, पण चाचणीच्या संगणकावर ती बंद ठेवावी, नाहीतर आपल्या यादीकडे कुणी पाहणारच नाही.

तिसरी रीत अशी की, कुणालाच न नेमता सर्व आवारात पुकारा करावयाचा. "अमुक नावाचे कोण आहे?" असे संगणक २२४.०.०.२५१ या सामाईक पत्त्यावर विचारतो, आणि ज्याचे ते नाव असेल तो "मी" म्हणून आपला पत्ता सांगतो. कचेरीतला छपाईचा प्रिंटर आपोआप सापडतो, तो बहुधा याच रीतीने. अशा नावांच्या शेवटी 'लोकल' ही शाखा असते. २०१३ साली ती या कामासाठी राखून ठेवली गेली. दोघांनी एकच नाव सांगितले, तर एकजण निमूटपणे आपल्या नावापुढे दोनचा आकडा लावून घेतो. आपल्या बुद्रुक आणि खुर्द यांची आठवण व्हावी असाच हा समझोता आहे. मात्र हा पुकारा साधारणतः आवाराबाहेर ऐकू जात नाही. लहान जाळ्याला ही रीत सोयीची. पण 'लोकल' ही शाखा पुकाऱ्याची आहे, म्हणून दुसऱ्या रीतीतल्या यादीत तिची नावे घालू नयेत. दोन पद्धतींची गाठ पडून घोटाळा होतो.

नाव कोणते निवडावे

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. चाचणीसाठी नाव निवडताना पुष्कळ जण मनाला येईल ते निवडतात. आज ते जगात कुणाचे नाही, एवढे पाहिले की त्यांना पुरेसे वाटते. पण आज कुणाचे नाही, ते उद्या कुणाचे होईल. कार्यक्रम तयार करणारी मंडळी वर्षानुवर्षे आपल्या आवारात 'डेव्ह' हा शेवट वापरीत होती, कारण जगात तशी शाखाच नव्हती. २०१४ साली ती शाखा खरोखर निर्माण झाली आणि गूगलकडे गेली. डिसेंबर २०१७ मध्ये गूगलच्या क्रोम ब्राउझरने त्या शाखेतल्या प्रत्येक नावाला सुरक्षित जोडणीची सक्ती केली, आणि आवारातल्या असंख्य चाचण्या एका सकाळी बंद पडल्या. कुणी खोडी केली नव्हती. पडीक समजून ज्या जमिनीवर गोठा बांधला, तिचा सातबारा दुसऱ्याच्या नावे निघाला, इतकेच.

याहून गंभीर उदाहरण 'कॉर्प' या नावाचे. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या मार्गदर्शनावरून अनेक कंपन्यांनी आपल्या आतल्या जाळ्याला हे नाव दिले. कंपनीच्या भिंतींत असेतो ठीक. पण त्या कंपन्यांचे फिरते संगणक बाहेर गेले, की तेच नाव बाहेरच्या जगाला विचारू लागत आणि 'कॉर्प.कॉम' या खऱ्या पत्त्यावर जाऊन ठोठावीत, आपले परवलीचे तपशीलही देऊ पाहात. ते नाव दुष्टाच्या हाती पडू नये म्हणून २०२० साली मायक्रोसॉफ्टला ते विकत घ्यावे लागले. जगातील नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने 'कॉर्प', 'होम' आणि 'मेल' या शाखा कुणालाच देऊ नयेत असे २०१८ साली ठरवले, ते अशाच भयाने. २०१४ साली नव्या शाखा सुरू होताना तिने एक चतुर युक्तीही केली. आरंभीचे ९० दिवस त्या शाखांतील नावांना १२७.०.५३.५३ असे उत्तर द्यावयाचे. पत्ता तर स्वतःकडेच परतणारा, म्हणून नुकसान नाही. पण असा विचित्र आकडा पाहून जाणत्याला शंका यावी, की आपण वापरीत असलेले नाव आता आपले राहिले नाही.

तर मग कोणते नाव घ्यावे? यासाठी राखीव रान आहे. १९९९ साली 'टेस्ट', 'एक्झाम्पल', 'इनव्हॅलिड' आणि 'लोकलहोस्ट' हे चार शेवट कायमचे राखून ठेवले गेले; ते कधीही कुणाला विकले जाणार नाहीत. चाचणीची नावे 'टेस्ट' मध्ये ठेवावीत. आतल्या नेहमीच्या कामासाठी 'इंटर्नल' हा शेवट आयकॅनने जुलै २०२४ मध्ये राखून ठेवला. एखाद्या संस्थेपाशी स्वतःचे विकत घेतलेले नाव असेल, तर त्याचीच एक निराळी उपशाखा चाचणीसाठी घेणे हेही चांगले. कारण १ नोव्हेंबर २०१५ नंतर संपणारे प्रमाणपत्र आतल्या नावाला द्यावयाचे नाही, असे सार्वजनिक प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांनी ठरवले. 'टेस्ट' साठी प्रमाणपत्र आपले आपणच तयार करावे लागते, स्वतःच्या उपशाखेला ते बाहेरून मिळू शकते.

राखीव नावाचा खरा लाभ तो चुकल्यावर कळतो. तपासणारा आपला लॅपटॉप घेऊन रात्री घरी गेला. घरच्या राऊटरला कचेरीची यादी ठाऊक नाही. चाचणीस पतपेढीचेच खरे नाव दिलेले असेल, तर घरून ते खऱ्या दप्तराकडे जाईल, आणि गमतीने भरलेला हप्ता कुणा खऱ्या सभासदाच्या खात्यात पडेल. नाव 'टेस्ट' मधले असेल, तर उत्तर येईल "असे नाव नाही", आणि काम तेथेच थांबेल. चांगल्या व्यवस्थेचे लक्षण असे की, ती चुकली तर थांबते, भलत्या वाटेला लागत नाही. हाच न्याय टपालाच्या पत्त्यांना. चाचणीत पत्रे पाठवावयाची तर राखीव 'एक्झाम्पल.कॉम' चे पत्ते घ्यावेत. मनाने रचलेला पत्ता कुणा जिवंत माणसाचा निघतो.

आठवणीचा गुण आणि दोष

धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिर आहे. जुनी कागदपत्रे आणि हस्तलिखिते पाहावयास दुरून अभ्यासक येतात. अशा कोणत्याही संग्रहात नित्य येणारा अभ्यासक हव्या त्या पोथीचा क्रमांक आपल्या वहीत टिपून ठेवतो आणि दर वेळी सूची चाळीत बसत नाही. त्यामुळे वेळ वाचतो. पण मधल्या काळात कपाटे हलवली, तर वही त्याला चुकीच्या फळीपाशी नेईल. संगणकही मिळालेले उत्तर असेच टिपून ठेवतो. ब्राउझर ठेवतो, संगणक ठेवतो, राऊटर ठेवतो, सेवा देणारी कंपनी ठेवते. ते किती सेकंद खरे मानावे हे नावाचा धनी उत्तराबरोबरच सांगतो. ८६,४०० म्हटले तर पूर्ण एक दिवस, ३०० म्हटले तर पाच मिनिटे.

यावरून कामाचे दोन नियम निघतात. पत्ता बदलावयाचा असेल, तर आधी मुदत कमी करावी, जुनी मुदत संपेपर्यंत थांबावे, आणि मगच पत्ता बदलावा. ऐन वेळी मुदत कमी करून उपयोग नाही. ज्यांनी काल दिवसभरासाठी टिपून ठेवले, त्यांना ती बातमी उद्याच कळणार. दुसरा नियम, "असे नाव नाही" हे उत्तरही टिपून ठेवले जाते. म्हणून नाव यादीत घालण्यापूर्वी उतावळेपणाने विचारून पाहू नये. आधी नोंद, मग विचारणा. एवढे करूनही संशय राहिला, तर संगणकाची आठवण पुसून टाकण्याची आज्ञा असते ती द्यावी, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा, आणि कोणत्या उत्तर देणाऱ्याकडून उत्तर आले ते पाहावे. तार आणि यंत्र यांना दोष देण्यापूर्वी ही विचारपूस करावी.

आपल्या लिपीतली नावे

आणखी एक गोष्ट मराठी माणसाने विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. २७ ऑगस्ट २०१४ पासून 'भारत' हा शेवट देवनागरीत मिळू लागला आणि मराठीत नाव घेणे शक्य झाले. परंतु नामशोधाची जुनी यंत्रणा रोमन अक्षरांची आहे. देवनागरी नाव तिच्यात जाताना एका ठरावीक रीतीने रोमन खुणांत बदलले जाते. म्हणून होस्ट्स फाइलमध्ये किंवा आवारातल्या यादीत देवनागरी नाव जसेच्या तसे लिहून भागत नाही. त्याचे ते बदललेले रूप लिहावे लागते.

आणि येथे आपल्या भाषेची एक खोच आहे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. दोन्हींतला र निराळा. हा दुसरा अर्धा र संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो. एकीत त्यासाठी वेगळे अक्षर आहे, दुसरीत साध्या र पुढे एक अदृश्य खूण घालतात. पडद्यावर दोन्ही अगदी एकसारखी दिसतात, यंत्राला मात्र ती दोन भिन्न नावे. जुन्या नियमांत तर ती अदृश्य खूण गाळलीच जात असे, म्हणजे दऱ्यांचा दर्या होई. अशा नावांची चाचणी करणाऱ्याने निरनिराळ्या कळफलकांवरून, निरनिराळ्या फोनांवरून नाव टाइप करून पाहावे. डोळ्यांना सारखे दिसते एवढ्यावर समाधान मानू नये. हे काम मराठी जाणणाऱ्याखेरीज दुसरा कुणी करणार नाही. आणि मराठी व्यवस्था मराठी माणसांच्या उपयोगी पडावयाची, तर ते कुणी तरी केलेच पाहिजे.

उपसंहार

सांगितलेल्या गोष्टींचे सार थोडक्यात असे. एकट्याचे काम असेल, तर होस्ट्स फाइल, पण ओळीपुढे तारीख लिहून. अनेकांचे असेल, तर आवारात एकच उत्तर देणारा, आणि सर्वांनी त्यालाच विचारावे. नाव राखीव रानातले किंवा स्वतःच्या मालकीचे. परक्याचे नको, आणि आज बेवारस दिसणारेही नको. पत्ता बदलण्यापूर्वी मुदत कमी करावी. काम संपले की मांडव उतरवावा, खांबांचे खड्डेही बुजवावेत.

आपल्यापैकी बहुतेकांना हे काम स्वतः करावे लागणार नाही. पण आपण पतपेढीचे सभासद आहोत, शाळांच्या आणि ग्रंथालयांच्या समित्यांवर आहोत, दुकाने व कारखाने चालवतो. नवी व्यवस्था तयार करून देणारा समोर बसला असता आपण त्याला किंमत विचारतो, मुदत विचारतो. यापुढे आणखी दोन प्रश्न विचारावेत : "चाचणी कोणत्या नावावर करणार? आणि काम झाल्यावर ती नावे कोण पुसणार?" ज्याने विचार केलेला आहे तो लगेच उत्तर देईल, ज्याने केलेला नाही त्याला तो करावा लागेल. सभासदाने खिडकीशी दिलेला हप्ता ज्या दप्तरात जावयास हवा त्याच दप्तरात गेला, याची हमी अशा लहान प्रश्नांतून मिळत असते.